विमान उडतंय, पण उंचीचा आकडा पटत नाही? इथून तपासायला लागा

मॉडेल विमान नीट उडतंय, सगळे सर्व्हो (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) ऐकतायत, पण ट्रान्समीटरच्या, म्हणजे हातातल्या रेडिओच्या, स्क्रीनवर उंचीच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. किंवा विमान अजून जमिनीवरच आहे आणि रेडिओ सांगतोय ४६० मीटर. किंवा चांगलं शंभर मीटर वर गेलेलं विमान स्क्रीनवर एकाएकी शून्यावर येतं. सोलापुरात या छंदात नव्याने पडलेली मुलं हे तीन प्रश्न हमखास विचारतात, आणि विचारतानाच नवा सेन्सर मागवायच्या तयारीत असतात. थांबा. सेन्सर खरोखर मेलेला क्वचितच निघतो. दोष बहुतेक वेळा वायरीत, बाइंडिंगमध्ये (रेडिओ आणि विमानातला रिसीव्हर यांची जोडी लावण्यात), मेनूतल्या एखाद्या रकान्यात किंवा विमानाच्या पोटात शिरणाऱ्या वाऱ्यात असतो. तो शोधायचा क्रम ठरलेला ठेवला तर संध्याकाळभरात सापडतो.

आपल्याकडे हा आकडा बरोबर असणं आता गरजेचं झालंय. होटगी रोडच्या विमानतळावरून २०२५ च्या जूनपासून प्रवासी विमानं नियमित उडू लागली आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे ग्रीन झोनमध्ये (परवानगी न लागणाऱ्या भागात) जमिनीपासून १२० मीटरपर्यंतच उडवता येतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटरवर येते, आणि ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचंच नाही. शहराचा बहुतांश भाग त्या ८ किलोमीटरमध्येच येतो. त्यामुळे मैदान ठरवताना आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा बघा. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला तर जाऊच नका, मग तिथला माळ कितीही मोकळा दिसो. साठ मीटरची मर्यादा नजरेच्या अंदाजाने पाळता येत नाही. दीड मीटर पंखाचं विमान ६० मीटरवर आहे की ९० वर, हे खालून भल्याभल्यांना सांगता येत नाही.

सेन्सर मोजतो तो हवेचा दाब

उंचीचा सेन्सर म्हणजे एक बारीक बॅरोमीटर. हरभऱ्याच्या दाण्याहून लहान चिप, तिच्या धातूच्या टोपणाला एक सुईएवढं छिद्र. वर जाल तसा हवेचा दाब कमी होतो आणि त्यावरून उंचीचं गणित मांडलं जातं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटरवर आहे. इथला दाब ऋतूप्रमाणे ९५० ते ९६० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो आणि इथे १ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे ९ मीटर उंची. हा एक आकडा डोक्यात पक्का बसवा, पुढच्या निम्म्या गोष्टी त्यातूनच उलगडतात.

जमिनीवर ४६० दिसतंय? मग बिघाड काहीच नाही. तुमचा सेन्सर समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतोय. तोच सेन्सर थंडीत ४४५ दाखवेल आणि आषाढात सव्वापाचशेच्या घरात जाईल, कारण पावसाळ्यात हवेचा दाबच उतरलेला असतो. १५०० च्या आसपास आकडा असेल तर तो फुटांत आहे. रेडिओच्या सेटअपमध्ये एकक मेट्रिक करा, आणि त्या सेन्सरच्या पानावरही मीटरच निवडलंय ना हे बघा.

तपासणी सुरू करण्यापूर्वी

प्रोपेलर काढा. टेबलावर बॅटरी जोडून मेनू चाळताना थ्रॉटलला (मोटरचा वेग वाढवणाऱ्या काडीला) कोपर लागतं, आणि दहा इंची प्रोपेलर बोटं ओळखत नाही. टेबलावरच्या कामात याला अपवाद नाही.

मग रिमोट आधी चालू करा, विमान नंतर. दोन्हींत निदान दोन-तीन मीटर अंतर ठेवा. अगदी चिकटून ठेवले तर जोरदार सिग्नलमुळे रिसीव्हर गोंधळतो, टेलिमेट्री (विमानाकडून रेडिओला येणारे आकडे) येते-जाते आणि नसलेला दोष दिसू लागतो.

पहिला प्रश्न: काहीच येत नाही, की फक्त उंची येत नाही?

टेलिमेट्रीच्या पानावर जा. रिसीव्हर स्वतःहून पाठवतो ते आकडे, म्हणजे सिग्नलची ताकद आणि रिसीव्हरचं व्होल्टेज, येतायत का बघा. एजटीएक्स किंवा ओपनटीएक्स या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओवर ताजी माहिती आली की सेन्सरच्या नावाजवळ छोटी चांदणी किंवा ठिपका चमकतो, आणि आकडा शिळा झाला की तो लुकलुकतो किंवा रंग बदलतो. रेडिओचा आवाजही नीट ऐका. 'टेलिमेट्री लॉस्ट' म्हणजे विमानाकडून येणारा सगळाच प्रवाह तुटला. 'सेन्सर लॉस्ट' म्हणजे दुवा शाबूत आहे, फक्त एखादा सेन्सर गप्प झालाय. हा फरक ओळखला की अर्धं काम झालं.

सगळंच गप्प असेल तर सेन्सरला हातही लावू नका. आधी रिसीव्हर टेलिमेट्री पाठवणारा आहे का ते बघा. स्वस्तातले बरेच रिसीव्हर फक्त ऐकतात, बोलत नाहीत. एफआरस्काय कंपनीच्या डी१६ पद्धतीत बाइंड करताना टेलिमेट्री चालू की बंद हे निवडावं लागतं. बंद ठेवून बाइंड केलं तर विमान छान उडतं, पण त्याच्याकडून काहीच येत नाही. पुन्हा बाइंड करा, टेलिमेट्री चालू ठेवून. एक्सप्रेसएलआरएस या दुव्याच्या पद्धतीच्या रेडिओवर लुआ स्क्रिप्ट (रेडिओतला सेटिंगचा छोटा प्रोग्राम) उघडून टेलिमेट्रीचा रेशो, म्हणजे ती किती वेळा पाठवली जाते, ते बघा. तो बंद किंवा फारच विरळ असेल तर 'स्टँडर्ड' करा.

दूर गेल्यावरच आवाज येतो 'टेलिमेट्री लॉस्ट', आणि विमान मात्र तुमचं ऐकतंय? रिसीव्हरची पाठवण्याची ताकद रिमोटपेक्षा पुष्कळ कमी असते, म्हणून परतीची वाट आधी तुटते. एवढ्याने विमान हातचं गेलं असं समजू नका. पण अँटेनाची टोकं कार्बनच्या नळीला किंवा बॅटरीला चिकटलेली नाहीत ना, हे उतरल्यावर नक्की बघा. विमान डोक्यावर असतानाही हाच आवाज येत असेल तर संशय अँटेनावरच घ्या.

दुसरा प्रश्न: वायर कुठल्या खाचेत आहे?

फक्त उंचीच गप्प असेल तर आता विमान उघडा. सोलापुरात बऱ्याच जणांच्या हातात दिसणारा रेडिओ फ्लायस्कायचा आय६. त्याच्या आयए६बी रिसीव्हरला बाजूला आयबसच्या (फ्लायस्कायची एकाच वायरवरून माहिती नेण्याची पद्धत) दोन खाचा असतात, एक सर्व्होची आणि एक सेन्सरची. दोन्ही दिसायला एकसारख्या आणि शेजारीशेजारी. सेन्सर सर्व्होच्या खाचेत गेला की त्याला वीज मिळते, त्याचा दिवा लागतो, आणि माहिती शून्य. लेबल बारीक असतं. मोबाइलच्या उजेडात वाचून मगच वायर बसवा.

एफआरस्कायच्या एस-पोर्टवर (सेन्सर जोडायच्या खाचेवर) सेन्सर एकामागे एक माळेसारखे जोडता येतात. तिथे अट एकच: प्रत्येकाचा आयडी वेगळा हवा. एकाच आयडीचे दोन सेन्सर एकदम बोलायला लागले की दोघांचंही काही कळत नाही. उंचीचा सेन्सर एकटा जोडून बघा. एकटा चालला आणि जोडीने बंद पडला तर आयडी बदला.

फ्लाइट कंट्रोलर (विमान सांभाळणारा छोटा संगणक) असलेल्या विमानात उंची रिसीव्हरकडे कंट्रोलरमार्फत येते. इथली एक चूक फार फसवी आहे. रिसीव्हरच्या टीएक्सपासून (पाठवणारी पिन) कंट्रोलरच्या आरएक्सपर्यंत (घेणारी पिन) एकच वायर डागलेली असली तरी विमान उत्तम चालतं, कारण तुमचे हुकूम त्याच वायरने खाली जातात. टेलिमेट्री उलट वाटेने येते. तिला कंट्रोलरच्या टीएक्सपासून रिसीव्हरच्या आरएक्सला जाणारी दुसरी वायर लागते. ती डागायची राहिली किंवा तुटली तर स्क्रीनवर सिग्नलची ताकद दिसते, पण उंची, बॅटरी, जीपीएस काहीच दिसत नाही. दोन्ही वायरी ठीक असतील तर बीटाफ्लाइट या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरच्या रिसीव्हर पानावर (जुन्या आवृत्तीत कॉन्फिगरेशन पानावर) टेलिमेट्रीचं बटण चालू आहे का बघा.

कनेक्टर काढून फुंकर मारा, पिना बघा. आपल्याकडची धूळ बारीक असते आणि काळ्या मातीत एकदा नाकावर उतरलेलं विमान महिनाभर कोपऱ्याकोपऱ्यातून माती सोडत राहतं.

तिसरा प्रश्न: रेडिओला सेन्सरची ओळख आहे का?

वायर बरोबर, दिवा चालू, तरी रेघाच. एजटीएक्स-ओपनटीएक्सच्या रेडिओवर टेलिमेट्रीच्या पानावर 'डिस्कव्हर न्यू' दाबा, दहा-पंधरा सेकंद थांबा, मग थांबवा. यादीत उंचीचं नाव यायला हवं.

कधी कधी तेच नाव दोनदा येतं: वरच्याला रेघा, खालच्याला आकडा. रिसीव्हर बदलला किंवा सेन्सर वेगळ्या जागी जोडला की रेडिओला तो नवा वाटतो. स्क्रीनवर मात्र जुनाच बसवलेला असतो, म्हणून तुम्हाला रेघा दिसतात. जुना खोडा. दोन उंच्या येण्याचं आणखी एक कारण म्हणजे जीपीएस. एक आकडा बॅरोमीटरचा आणि दुसरा उपग्रहांचा, नाव दोघांचं काही वेळा सारखंच. विमान जमिनीवरून डोक्यापर्यंत उचला: लगेच दीड-दोन मीटर सरकला तो बॅरोमीटर, आपल्या मर्जीने रेंगाळला तो जीपीएस. ओळख पटली की दोघांची नावं तिथल्या तिथे बदलून टाका.

आता सेन्सरच्या पानात शिरा. आकडा बदलून दाखवणाऱ्या रेशो आणि ऑफसेट या रकान्यांत कुणी काही भरून ठेवलेलं नाही ना? रेडिओ जुना विकत घेतला असेल तर हे आवर्जून बघा. 'ऑटो ऑफसेट' चालू असेल तर पहिला आलेला आकडा शून्य धरला जातो आणि उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते. नवशिक्यांनी ते चालू ठेवावं असं माझं मत आहे, कारण १२० मीटरचा नियमही जमिनीपासूनच मोजतो. फक्त विमान मैदानावर टेकवल्यावर एकदा 'रीसेट टेलिमेट्री' करा. मुख्य स्क्रीनवर एंटर दाबून धरलं की तो पर्याय मिळतो.

आकडा येतो, पण खोटा वाटतो

खरी मौज इथे आहे, आणि इथेच घाई नडते.

आधी घरच्या घरी कसोटी घ्या. अपार्टमेंटचा बंद जिना बघा, जिथे वारा नाही, पंखा नाही. एका पायरीची उंची टेपने मोजा, पायऱ्या मोजा, गुणाकार करा. १६ सेंटीमीटरच्या ६० पायऱ्या म्हणजे ९.६ मीटर. विमान तळाशी ठेवून चालू करा, तीन मिनिटं सेन्सरला स्थिर होऊ द्या, शून्य करा आणि वर चालत जा. साडेआठ ते साडेदहाच्या मध्ये आकडा आला तर सेन्सर उत्तम आहे. वर गेल्यावर लगेच खाली या; खाली पुन्हा शून्याच्या मीटरभर आत यायला हवं. साधारण सेन्सर मीटरभर हलतातच, तेवढ्यासाठी डोकं शिणवू नका. तीसच्या आसपास दाखवला तर एकक फूट आहे.

जिन्यात बरोबर आणि मैदानावर चूक? मग दोष वाऱ्याचा, उन्हाचा किंवा वेळेचा.

वाऱ्याचं आधी बघू. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने समोरून आदळणारी हवा सुमारे २ हेक्टोपास्कल दाब निर्माण करते. मघाचं गणित लावा: जवळपास २० मीटरची चूक. पूर्ण दाब पोटात पोचत नाही हे खरं, पण थोडाफार पोचतोच. हिप्परग्याच्या पुढे, तुळजापूर रस्त्याकडच्या माळावर एका कॉलेजकुमाराचं थर्माकोलचं ट्रेनर विमान असंच वागत होतं: जमिनीवर उभं, मित्राने शेपटी घट्ट धरलेली, आणि थ्रॉटल वर नेला की उंची उणे सातवर. बॅटरी थंड राहावी म्हणून त्याने नाकाखाली भोक पाडलं होतं. प्रोपेलरची हवा त्यातून थेट सेन्सरवर जात होती. सेन्सर त्या वाटेतून मागे सर्व्होंच्या जवळ नेला, छिद्रावर मऊ काळ्या स्पंजचा बोटाच्या पेराएवढा तुकडा अलगद ठेवला, वरून दाबून चिकटपट्टी लावली नाही, आणि थ्रॉटल पुन्हा वर नेला तेव्हा आकडा मीटरभरही हलला नाही. स्पंजातून हवा झिरपायला पाहिजे. बंद कप्प्यांचा फोम किंवा गोंदाचा थर छिद्र बुजवतो आणि मग उंची बदलतच नाही. ही कसोटी अर्थातच प्रोपेलर लावून करावी लागते. विमान दुसऱ्याने मागून धरायचं आणि प्रोपेलरच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही.

तोच स्पंज उन्हापासूनही वाचवतो. या चिपांपैकी काही प्रकाशालाच बिचकतात. उघड्या चिपवर थेट ऊन पडलं की आकडा उडी घेतो. पारदर्शक कॅनोपीचं विमान वळताना दर फेरीत उंची हलत असेल तर कारण हेच असण्याची शक्यता मोठी.

तापमानाचं दुखणं आपल्या गावाचं खास आहे. एप्रिलमध्ये बंद गाडीच्या डिकीतून काढलेलं विमान लगेच चालू केलं तर आतला सेन्सर पुढची दहा मिनिटं थंड होत राहतो आणि शून्य सरकत जातं. सावलीत ठेवा, हवेचं तापमान घेऊ द्या, मग शून्य करा.

याहून मोठी गोष्ट गणिताचीच आहे. सेन्सरचं सूत्र प्रमाण वातावरण धरून चालतं: समुद्रसपाटीला १५ अंश, वर दर किलोमीटरला साडेसहा अंश कमी. म्हणजे सोलापूरच्या उंचीला १२ अंश. आपल्याकडे उन्हाळ्यात असतात ४०. तापलेली हवा विरळ असते, तिच्यात दाब हळू उतरतो, म्हणून सेन्सर खऱ्यापेक्षा कमी उंची दाखवतो. दर तीन अंशांना साधारण एक टक्का. ४० अंशांना फरक दहा टक्क्यांवर जातो आणि विमान खरोखर १२० मीटरवर असताना स्क्रीन १०९ सांगते. हा बिघाड नाही, आणि कुठल्याही सेन्सरला असाच लागू होतो. उन्हाळ्यात १२० ऐवजी १०० मीटरचा इशारा लावा, आणि ६० च्या पट्ट्यात असाल तर ५० चा. लॉजिकल स्विचमध्ये (अट पूर्ण झाली की आपोआप चालू होणारा स्विच) उंची अमुक मीटरपेक्षा जास्त अशी अट घाला आणि स्पेशल फंक्शनमध्ये त्या स्विचवर आकडा बोलून दाखवायला सांगा. मान खाली घालून स्क्रीन बघायची वेळच येऊ देऊ नका. नजर विमानावरच हवी.

वेळेचंही आहे. आपल्या अक्षांशांत हवेचा दाब रोज दोनदा चढतो-उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास तो माथ्यावर असतो आणि दुपारी चारच्या सुमारास तळाला, फरक साधारण ३ ते ४ हेक्टोपास्कलचा. म्हणजे सकाळी दहाला शून्य केलेलं आणि दिवसभर चालू ठेवलेलं विमान जागचं न हलता दुपारी तीस मीटर 'चढतं'. दर उड्डाणाआधी शून्य करण्याची सवय लावा, प्रश्नच उरत नाही.

हवेत असताना एकदम शून्य

ही खूण दिसली तर बाकी सगळं सोडा आणि विमान खाली घ्या. बरेच सेन्सर वीज मिळताच स्वतःला शून्य करतात. ८० मीटरवर असताना आकडा शून्य झाला आणि उतरल्यावर उणे ८० दिसला, तर याचा अर्थ हवेत सेन्सरची वीज क्षणभर गेली आणि परत आली. त्याला वीज मिळते रिसीव्हरकडून आणि रिसीव्हरला ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या पेटीच्या) बीईसीकडून (तिच्यातल्या साधारण पाच व्होल्ट देणाऱ्या भागाकडून). आज सेन्सर गेला, उद्या रिसीव्हरच जाईल. उतरून बीईसी किती अँपिअरचा आहे ते बघा, सर्व्हो अडकून जास्त वीज ओढत नाहीत ना ते एकेक हलवून बघा. रिसीव्हरच्या व्होल्टेजचा आकडा समोर ठेवून रिमोटच्या सगळ्या काड्या एकदम फिरवा. पाच व्होल्ट साडेचारच्या खाली डुबकी मारत असतील तर दोष सापडला. जास्त क्षमतेचा वेगळा बीईसी बसवल्याशिवाय ते विमान पुन्हा उडवू नका.

दोष कधीतरीच डोकावत असेल तर एसडी कार्डवर नोंद करायला लावा. स्पेशल फंक्शनमध्ये 'एसडी लॉग्ज' निवडा. लॉग्जच्या फोल्डरमध्ये सीएसव्ही फाइल तयार होते, ती कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडते. उंची, थ्रॉटल आणि रिसीव्हरचं व्होल्टेज यांचे आलेख एकाखाली एक काढा. थ्रॉटलसोबत उंची हलली तर वारा, व्होल्टेजसोबत हलली तर वीज.

एवढं सगळं झाल्यावरही आकडा येत नसेल तर सेन्सर दुसऱ्याच्या चालू विमानात लावून बघा, आणि त्याचा चालू सेन्सर तुमच्यात. तिथेही गप्प राहिला तर नवा घ्या. नवा बसवल्यावर जुनी नोंद खोडून पुन्हा 'डिस्कव्हर न्यू' करा आणि उंचीचा इशारा देणारा लॉजिकल स्विच उघडून त्यात नवा सेन्सर निवडा. तो स्विच जुन्या जागेलाच बांधलेला राहतो. स्क्रीनवर आकडा दिसत असतो, पण शंभर मीटर ओलांडले तरी रेडिओ बोलत नाही. एकदा मर्यादा मुद्दाम एक मीटर ठेवून विमान हातात उंच धरा, आवाज आला की पुन्हा शंभर करा.